जागेवरची सायकल : वेगावर जाऊ नका, शक्ती ओळखा

पूर्वी व्यायामाची सायकल पैसेवाल्यांच्या जिममध्येच दिसायची. आता ती वस्तीतल्या व्यायामशाळेत आहे, बागेतल्या ओपन जिममध्ये आहे. जुन्या बाजारातून घेतलेली किंवा कामाच्या घरून मिळालेली अशी ती दहा बाय दहाच्या खोलीतही येऊन पोचली आहे. काही तरुण आपली नेहमीचीच सायकल एका स्टँडवर बसवतात. मागचे चाक स्टँडच्या रोलरवर टेकते आणि सायकल जागच्या जागी चालते. या स्टँडला ट्रेनर म्हणतात. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले मधुमेहाचे आणि बीपीचे पेशंट या सायकलींवर बसतात, तशी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेही बसतात.

बसले की प्रत्येकाची नजर जाते ती मीटरवर. एक म्हणतो, "आज ३५ चा स्पीड काढला." दुसरा म्हणतो, "मी ४० काढला." पण सायकल तर इंचभरही पुढे गेलेली नाही. मग हा ३५ आणि ४० कशाचा?

हा आकडा नीट समजला नाही तर दोन प्रकारे नुकसान होते. ज्याला व्यायामाची खरी गरज आहे तो हलके पायडल भरभर फिरवून समाधान मानतो आणि शरीराला फारसे काही मिळत नाही. ज्याने जपून करायला हवे तो आकड्याच्या मागे लागून हृदयावर आणि गुडघ्यांवर नको तेवढा ताण घेतो. म्हणून वेग म्हणजे काय आणि शक्ती म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ.

वेग वेगळा, शक्ती वेगळी

शक्ती हा शब्द आपण ताकद या अर्थाने वापरतो. विज्ञानात त्याचा अर्थ नेमका आहे. किती काम केले भागिले किती वेळात केले, म्हणजे शक्ती. ती वॅटमध्ये मोजतात. स्कॉटलंडचे इंजिनिअर जेम्स वॅट (१७३६-१८१९) यांच्यावरून हे नाव पडले. घरातला साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. पाण्याच्या मोटरीवर १ एचपी लिहिलेले असते, ते म्हणजे ७४६ वॅट.

माणसाची शक्तीही याच मापात मोजता येते आणि त्याला मशीन लागत नाही. चाळीचा किंवा एसआरए इमारतीचा एक जिना पुरतो. हिशोब असा : वजन (किलो) गुणिले ९.८ गुणिले उंची (मीटर) भागिले लागलेले सेकंद.

समजा, ६० किलो वजनाची एक ताई ३ मीटर उंचीचा एक मजला १२ सेकंदांत चढली.
६० × ९.८ × ३ ÷ १२ = १४७ वॅट.

आता तीच ताई १५ किलोचा भरलेला हंडा घेऊन चढली. ओझे ७५ किलो झाले. चाल मंदावली आणि १५ सेकंद लागले.
७५ × ९.८ × ३ ÷ १५ = १४७ वॅट.

आकडा तोच आला. दुसऱ्या वेळी ताईचा वेग कमी होता, पण शक्ती तेवढीच लागली. बाजूला उभे राहून बघणारा म्हणेल, "आज हळू चढली." तिच्या हृदयाला आणि फुप्फुसांना विचारा. त्यांनी दोन्ही वेळा साधारण सारखेच काम केले.

या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे. स्नायूंना किती प्राणवायू लागेल, हृदयाला किती रक्त ढकलावे लागेल, रक्तातली किती साखर वापरली जाईल, हे मुख्यतः शक्तीवर ठरते. नुसत्या वेगावर ठरत नाही. जागेवरच्या सायकलीवर हंड्याचे काम करते ती घट्ट-सैल करायची खुंटी, म्हणजे टेन्शनचा नॉब. नॉब सैल ठेवून ३५ चा वेग काढणे म्हणजे रिकाम्या हाताने जिना चढणे. नॉब घट्ट करून २० चा वेग काढणे म्हणजे हंडा घेऊन चढणे.

रस्त्यावर वेग खोटे का बोलत नाही

रस्त्यावरच्या सायकलीला तीन गोष्टी अडवतात : समोरची हवा, टायरचे जमिनीशी घर्षण आणि चढ. सपाट रस्त्यावर वारा नसेल तर वेगावरून शक्तीचा चांगला अंदाज येतो. साधारण ७० किलोचा माणूस जड, साधी सायकल ताठ बसून चालवत असेल, तर हिशोबाने येणारे आकडे अंदाजे असे :

ताशी १० किमी : २५ ते ३० वॅट
ताशी २० किमी : १०० वॅटच्या आसपास
ताशी ३० किमी : २५० वॅटच्या आसपास

वेग १० वरून ३० वर गेला, म्हणजे तिप्पट झाला. शक्ती मात्र आठ-नऊ पट झाली. याचे कारण हवा. वेग दुप्पट केला की हवेला बाजूला सारण्यासाठी आठपट शक्ती लागते. म्हणूनच २० वरून २२ वर जाणे सोपे वाटते, पण २८ वरून ३० वर जाताना छाती भरून येते.

यावरून जिममधल्या आकड्यांची पारख करता येते. इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गॅना याने ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्शन इथे एका तासात ५६.७९२ किमी सायकल चालवून जागतिक विक्रम केला. त्यासाठी खास बनवलेली सायकल होती, बंदिस्त ट्रॅक होता आणि वर्षानुवर्षांचा सराव होता. आता कुणी जागेवरच्या सायकलीवर अर्धा तास ४५ चा वेग ठेवून, गप्पा मारत, फारसा घाम न येता उतरत असेल, तर तो ४५ रस्त्यावरचा ४५ नव्हे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मीटर नेमके काय मोजतो

साध्या व्यायाम-सायकलीत चाकावर किंवा पायडलच्या दांड्याजवळ एक छोटे लोहचुंबक असते आणि समोर एक सेन्सर. चुंबक समोरून गेले की मीटर एक फेरी मोजतो. त्या फेऱ्यांना कंपनीने ठरवून दिलेल्या एका संख्येने गुणतो आणि "ताशी इतके किमी" असे दाखवतो. नॉब घट्ट आहे की सैल, हे अशा मीटरला कळत नाही. नॉबची तार वेगळी आणि मीटरची वायर वेगळी. म्हणून दोन कंपन्यांच्या सायकलींवर एकच माणूस सारखाच दम घेऊन बसला, तरी एकीवर १८ आणि दुसरीवर ३० दिसू शकतात. दोघांनी वेगवेगळ्या सायकलींवर बसून स्पीडची पैज लावण्यात अर्थ नाही.

वस्तीत साधारण चार प्रकारच्या सायकली दिसतात. प्रत्येकीचा हिशोब वेगळा आहे.

ओपन जिमची सायकल : बहुतेक ठिकाणी तिला अडथळाच नसतो. पाय कितीही भरभर फिरवले तरी शक्ती थोडीच लागते. सांधे मोकळे करायला, म्हाताऱ्या माणसांना सुरुवात करायला ती चांगली. पण तिच्यावर साखर उतरेल या आशेवर राहू नये.

पट्ट्याची किंवा ब्रेकपॅडची सायकल : जड चाकावर पट्टा किंवा नमद्याचा तुकडा दाबला जातो. इथे शक्ती म्हणजे घर्षणाचा दाब गुणिले वेग. प्रयोगशाळेत वापरली जाणारी मोनार्क ही स्वीडिश सायकल याच तत्त्वावर चालते. तिच्यात पायडलच्या एका फेरीत जड चाकाची कड ६ मीटर सरकते. पट्ट्याचा ताण १ किलो आणि पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या असतील, तर सुमारे ५९ वॅट होतात. फेऱ्या ६०च ठेवून ताण २ किलो केला की ११८ वॅट. पाय तेवढेच फिरले, वेग तोच राहिला, शक्ती मात्र दुप्पट झाली.

चुंबकाची सायकल : चुंबक जड चाकाच्या जवळ आणले की चाक जड होते. आवाज नाही, झीज नाही. नॉबवर १ ते ८ असे आकडे असतात. पण एका कंपनीचा ४ आणि दुसरीचा ४ सारखाच असेल असे नाही.

पंख्याची सायकल : हिला एअर बाइक म्हणतात. पुढे मोठा पंखा असतो आणि हातांचे दांडेही हलतात. जितके जोरात चालवाल तितकी हवा जास्त अडवते, अगदी रस्त्यासारखी. पट्टा नसेल तर या सायकलीवर वेग वाढला म्हणजे शक्तीही नक्कीच वाढली, आणि ती वेगाच्या मानाने कितीतरी जास्त वाढली. नवख्याने हिच्यावर एकदम जोर लावू नये.

स्वतःची सायकल ट्रेनरवर लावली तर

ट्रेनरवर सायकलचे मागचे चाक रोलर फिरवते आणि रोलरला चुंबक, पंखा किंवा बंद डब्यातले तेलासारखे द्रव अडवते. मागच्या चाकावर मीटर बसवला तर तो वेग दाखवतो. पण इथे समोरून हवा नाही, चढ नाही आणि माणसाच्या वजनाचाही फारसा प्रश्न नाही. त्यामुळे तोच २५ चा आकडा रस्त्यापेक्षा हलका किंवा जड, काहीही असू शकतो.

आणखी तीन गोष्टींनी फरक पडतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर चाक जड फिरते. रोलर टायरवर जास्त दाबला असेल तरी जड फिरते. द्रवाचा ट्रेनर पहिली दहा मिनिटे वेगळा वागतो आणि गरम झाल्यावर वेगळा. म्हणून काल २५ निघाला आणि आज २३ निघाला, तर आपण अशक्त झालो असे समजू नये. आधी टायरची हवा बघावी.

यावर एक सोपी तपासणी आहे. दहा मिनिटे चालवून झाल्यावर वेग २५ ला आणा, पायडल मारणे थांबवा आणि चाक पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. हा आकडा वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तितकेच सेकंद लागले तर दाब कालचाच आहे. कमी लागले तर स्टँड जास्त आवळला गेला आहे किंवा हवा कमी आहे. तेवढे नीट केले की त्याच ट्रेनरवरचा आजचा वेग कालच्या वेगाशी ताडून पाहता येतो.

महागड्या स्मार्ट ट्रेनरमध्ये वॅट मोजायची सोय असते. त्याच्या ॲपवर दिसणारा वेग चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेला नसतो. वॅट, तुम्ही भरलेले वजन आणि पडद्यावरचा चढ यांवरून तो कॉम्प्युटर काढतो. वजन कमी भरले की चढावर वेग वाढलेला दिसतो. आकडा वाढला, अंगात काहीच वाढले नाही. म्हणून तिथेही पाहायचे ते वॅट.

किती वॅट म्हणजे किती मेहनत

सवय नसलेल्या, पन्नाशीच्या माणसाला सुरुवातीला ४० ते ६० वॅटही पुरेसे वाटतात. अंगमेहनतीची सवय असलेला तरुण अर्धा तास १०० ते १५० वॅट टिकवू शकतो. जगातले अव्वल सायकलपटू तासभर ४०० वॅटच्या आसपास टिकवतात. काही सेकंदांच्या जोरात साधा तरुणही ५०० वॅटच्या वर जाऊ शकतो, पण लगेच पाय भरून येतात.

कॅलरीचाही हिशोब यातूनच निघतो. शरीर खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोचवते. बाकीच्याची उष्णता होते. त्यामुळे एक सोपा नियम मिळतो : सरासरी वॅटला ३.६ ने गुणले की तासाभरात खर्च झालेल्या कॅलरी अंदाजे कळतात. १०० वॅटने तासभर म्हणजे सुमारे ३६० कॅलरी. अर्धा तास म्हणजे १८०. एक वडापाव अडीचशे ते तीनशे कॅलरींचा असतो. म्हणजे अर्धा तास घाम गाळून जिममधून बाहेर पडल्यावर वडापाव खाल्ला, तर वजनाच्या हिशोबात आपण मागेच गेलो. साध्या सायकलीचा मीटर दाखवतो त्या कॅलरी बहुधा नुसत्या फेऱ्यांवरून काढलेल्या असतात. त्यावर भरवसा ठेवून जेवण वाढवू नये.

पण म्हणून निराश होण्याचे कारण नाही. वजन हलले नाही तरी काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि हा परिणाम व्यायामानंतरही एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असे सांगितले जाते.

वॅटचा मीटर नसेल तर

बहुतेकांच्या सायकलीवर वॅट दिसत नाहीत. हरकत नाही. आपल्याकडे त्याहून जुना मीटर आहे, तो म्हणजे दम. जगभर डॉक्टर त्याचा वापर करतात आणि त्याला बोलण्याची कसोटी म्हणतात.

हलका व्यायाम : बोलता येते, गाणेही म्हणता येते.
मध्यम व्यायाम : पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही.
जोरकस व्यायाम : दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस किमान अर्धा तास. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात. घरकामाच्या आणि ड्यूटीच्या मधल्या वेळात तेवढे जमू शकते.

करायचे कसे? पायडलच्या फेऱ्या मिनिटाला ६० ते ७० ठेवा. उजवा गुडघा १५ सेकंदांत १५ ते १८ वेळा वर आला म्हणजे वेग बरोबर आहे. मग नॉब हळूहळू घट्ट करत जा. ज्या जागी वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तिथे नॉबवर स्केचपेनने खूण करा. ती तुमची खूण. घरात दोघे-तिघे वापरत असतील तर प्रत्येकाची खूण वेगळ्या रंगाची करा. नवऱ्याच्या खुणेवर बायकोने किंवा मुलाच्या खुणेवर आईने चालवू नये.

वहीत रोज तीन गोष्टी लिहा : नॉबची खूण, मिनिटे आणि दम कसा होता. तीन-चार आठवड्यांनी त्याच खुणेवर, तेवढ्याच फेऱ्यांना गाणे म्हणता येऊ लागले, तर तुमची क्षमता वाढली. आता खूण थोडी पुढे सरकवा. मीटरवरचा वेग तोच असेल, कदाचित थोडा कमीही होईल. त्याची काळजी करू नका.

सुरुवातीची पाच मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे नॉब सैल ठेवा. जोरात चालवून एकदम थांबले की रक्त पायांत साठते आणि चक्कर येऊ शकते.

पत्र्याच्या खोलीतली उष्णता

पायडलवर १०० वॅट पोचतात तेव्हा अंगात त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता तयार होते. रस्त्यावर समोरचा वारा ती घेऊन जातो. जागेवरच्या सायकलीला वारा नाही. वरून पत्रा तापलेला असेल आणि खिडकी एकच असेल, तर घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. अशा वेळी तेवढ्याच शक्तीला हृदय जास्त वेगाने धडधडते.

म्हणून उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा चालवा. दार उघडे ठेवा, पंखा अंगावर घ्या, पाणी जवळ ठेवा. डोके दुखणे, मळमळणे, अंग गार पडणे किंवा बोलणे असंबद्ध होणे, यांपैकी काहीही झाले की लगेच थांबावे. सावलीत झोपवून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपत असेल, तर ती उष्माघाताची खूण समजावी आणि १०८ ला फोन करावा.

कोणी जास्त जपावे

बीपीचे पेशंट : ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल या गोळ्या चालू असतील तर नाडी मुद्दाम कमी ठेवलेली असते. मशीनवरच्या नाडीच्या आकड्यावर किंवा भिंतीवरच्या तक्त्यावर जाऊ नका. बोलण्याची कसोटी वापरा. दम कोंडून जोर लावू नका.

मधुमेहाचे पेशंट : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे आहेत. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. पाय बधिर असतील तर अनवाणी चालवू नका, बूट घाला आणि नंतर तळवे बघा.

सिकलसेल : विदर्भात हा प्रश्न आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा आहे. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच, हलका व्यायाम, भरपूर पाणी पिऊन करावा. वाहक असलेला तरुण एरवी ठणठणीत असतो आणि त्याने व्यायाम जरूर करावा. पण उन्हात, पाणी न पिता, पैजेवर, नॉब पूर्ण आवळून जीव तोडून जोर लावला तर वाहकालाही धोका होऊ शकतो. भरतीच्या तयारीतल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे : हळूहळू वाढवा, मधे थांबा, पाय असह्य दुखले किंवा श्वास पुरेनासा झाला तर त्याच क्षणी थांबा. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या.

गुडघेदुखी : नॉब फार घट्ट आणि फेऱ्या मंद, हे गुडघ्यांना सर्वांत वाईट. सीट खाली असेल तरी गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो.

छातीत दुखणे, दुखणे जबड्यात किंवा डाव्या हातात जाणे, नेहमीपेक्षा वेगळीच धाप लागणे, ही लक्षणे असतील तर "गॅस असेल" म्हणून वाट बघू नका. १०८ ला फोन करा. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि बरीच वर्षे व्यायाम नसलेल्यांनी सुरू करण्यापूर्वी जवळच्या महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात बीपी आणि साखर तपासून घ्यावी.

पदर, ओढणी आणि लहान मुलांची बोटे

जड चाकाच्या स्पिन बाइकवर आपण पाय थांबवले तरी चाक पायडल फिरवतच राहते. चालत्या पायडलवरून पाय काढू नका, आधी नॉब दाबून चाक थांबवा. पदर खोचून, ओढणी काढून बसा. साखळीत आणि चाकात लहान मुलांची बोटे सापडतात. लहान खोलीत मूल जवळ रांगत असेल तेव्हा सायकल चालवू नये. ट्रेनरवरची सायकल उतरवून ठेवावी.

घ्यायचीच असेल तर

जुनी सायकल घेताना मीटरवर किती आकडे दिसतात याला महत्त्व देऊ नका. नॉब फिरवून बघा : सैल ते घट्ट असा फरक टप्प्याटप्प्याने पडतो का, की एकदम जाम होते? पट्टा झिजला आहे का? सीट तुमच्या उंचीला वर-खाली होते का? बसल्यावर सायकल डुलते का? एवढे नीट असेल आणि मीटर बंद असेल, तरी ती चांगली सायकल आहे. मीटर चकचकीत आहे आणि नॉबला जोर नाही, ती नको.

आणि सायकल घ्यायला पैसे नसतील तर कर्ज काढून घेऊ नये. हृदयाला सायकल आणि जिना यांतला फरक कळत नाही, त्याला वॅट कळतात. गुडघे चांगले असतील तर इमारतीचा जिना आहे, मोकळा रस्ता आहे, भरभर चालणे आहे. वाक्य बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या मेहनतीने, आठवड्यातले पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. मीटरवर कितीही आकडा येवो, शरीराच्या वहीत जमा होते ती एवढीच मेहनत.